विमानाचा सातबारा कसा वाचायचा

तेहतीस वर्षं मी तलाठी होतो. सातारा जिल्ह्यातले पाच-सहा सजे झाले, हजारो फेरफार लिहिले, तेवढ्याच शिव्या खाल्ल्या. विमानाशी माझा संबंध म्हणाल तर निवृत्तीनंतर. आता आम्ही दोघं नाशिकला मुलीकडे असतो. जावई ओझरला विमान कारखान्यात, आणि नातू नववीत. त्याला प्लॅस्टिकची विमानं जोडायचा नाद. खोलीभर डिंकाचा आणि रंगाचा वास, आणि छताला दोऱ्याने लटकलेलं दुसरं महायुद्ध.

एके दिवशी हा पोरगा कागद घेऊन आला. "आजोबा, तुम्हाला मोडी येतं ना? मग हे वाचून दाखवा." बघतो तर ब्रिटिश हवाई दलाचं कार्ड. आखलेले रकाने, तिरकं-किरटं इंग्रजी, तीन वेगळ्या शाया, खाडाखोड, आणि एकही शब्द धड पुरा नाही. मी चष्मा लावला आणि दोन मिनिटांत माहेरी आल्यासारखं वाटलं. वर गट नंबर, खाली कब्जेदार, बाजूला फेरफार क्रमांक, शेवटी कंस. हा तर सातबारा!

त्यानंतर अशी शंभरेक कार्डं वाचली असतील. वाचायला शिकलो ते चुकत चुकत. तुमच्या चुका थोड्या वाचाव्यात म्हणून हे लिहितोय.

कार्डाचं अधिकृत नाव फॉर्म ७८. आपला नमुना सात, त्यांचा अठ्ठ्याहत्तर. प्रत्येक विमानाचं एक कार्ड, आणि विमान एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की त्यावर एक ओळ. या कार्डांच्या प्रती लंडनला हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहेत.

सुरुवातीलाच डोक्यात बसवा की हे विमानाचं चरित्र नाही. हा हिशेब आहे. विमान म्हणजे सरकारी माल. तो आज कोणाच्या नावावर आहे, मोडला-हरवला तर जाब कोणाला विचारायचा, एवढ्यापुरतं हे कार्ड. ते कोणी उडवलं, कुठे उडवलं, किती शत्रू पाडले, याच्याशी कार्ड लिहिणाऱ्या कारकुनाला काही देणंघेणं नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तोच शेत कसतो असं कुठे असतं? मग कसतो कोण हे बघायला आपण नमुना बारा काढतो, पीकपाहणी. विमानाचाही 'बारा' असतो, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी कार्डाचा माथा. तिथे विमानाचा नंबर, प्रकार, बनवणारा कारखाना, करार, इंजिन असं लिहिलेलं असतं. नंबर बरोबर वाचला नाही तर पुढचं सगळं पाण्यात. गट नंबर चुकला की दुसऱ्याच्या शेतात नांगर घातल्यासारखं. युद्धाच्या आधीचे आणि सुरुवातीचे नंबर एक अक्षर आणि चार आकडे असे, म्हणजे पी ७३५०. पुढे ते संपले आणि दोन अक्षरं, तीन आकडे आले, म्हणजे एपी ८३२ किंवा एनएच ६३१. हे शेवटचे दोन नंबर मुद्दाम सांगितले. एपी ८३२ हे हरिकेन, एनएच ६३१ हे स्पिटफायर, दोन्ही त्या युद्धातली ब्रिटिश लढाऊ विमानं, आणि दोन्ही दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात उभी आहेत. गेलात तर बघून या.

या नंबरांत इंग्रजी 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं वापरलेली नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणून तुम्हाला कुठे 'ओ' दिसला तर तो बहुतेक 'डी' असणार. कारकुनाचा हात तसा आहे, तुमची नजर नाही. आणि नंबर सलग असतील अशीही अपेक्षा धरू नका. मध्ये मोठमोठी भोकं मुद्दाम सोडली होती, किती विमानं बनली याचा शत्रूला अंदाज येऊ नये म्हणून. मी आठवडाभर 'मधली कार्डं गहाळ झाली' म्हणत बसलो होतो. गहाळ व्हायला ती विमानं जन्मालाच आली नव्हती. नंबरापुढे तिरकी रेघ आणि 'जी' दिसला तर विमानात काहीतरी गुपित सामान होतं आणि जमिनीवर असताना त्याला कायम पहारा ठेवायचा हुकूम होता.

आता रकाने. एका ओळीत साधारण चार गोष्टी येतात: तुकडी किंवा नुकसानीचा वर्ग व कारण, ठिकाण किंवा कंत्राटदार, तारीख, आणि कोणाच्या हुकुमाने. पहिल्या रकान्याचा घोळ लक्षात ठेवा. त्यात कधी तुकडीचं नाव येतं, कधी अपघाताचा संकेत, आणि दोन्ही एकाखाली एक. आपल्याकडे इतर हक्कांत बोजाही आणि विहिरीतला हिस्साही एकाच खान्यात कोंबतात, तसं.

हुकुमाचा रकाना लोक सोडून देतात. सोडू नका. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेल्या फेरफार क्रमांकासारखा तो आहे. त्यात '४१' दिसला तर तो ४१ ग्रुप, म्हणजे विमानं साठवायची आणि वाटायची ज्यांच्याकडे होती ती कचेरी. '४३' असेल तर दुरुस्ती आणि मोडतोड उचलणारा ग्रुप. वर्गाचा संकेत पुसट झाला असेल तरी पलीकडे ४३ दिसला की समजा, विमानाचं काहीतरी बिघडलंय.

तुकड्यांची नावं हा दुसरा चकवा. माझ्या एका सजात वडगाव खुर्द, वडगाव बुद्रुक आणि शेजारच्या तालुक्यात नुसतंच वडगाव होतं. ब्रिटिशांकडे आकड्यांचे वडगाव आहेत. ५७ नंबरचं बॉम्बफेकी विमानांचं पथकही असतं आणि ५७ नंबरचं ओटीयूही असतं. ओटीयू म्हणजे नव्या वैमानिकांना खऱ्या लढाईच्या विमानावर बसवायची शाळा. एमयू म्हणजे मेंटेनन्स युनिट, विमानांचं कोठार. कारखान्यातून निघालेलं विमान आधी कोठारात जातं, तिथे त्याला बंदुका-रेडिओ बसवतात, मग पथकाकडे. त्यामुळे बहुतेक कार्डांची पहिली ओळ एमयूचीच. काही कोठारं पाठ झाली की वाचन भरभर होतं: ६ ब्राइझ नॉर्टन, ८ लिटल रिसिंग्टन, ९ कॉसफर्ड, ३३ लाइनम, ३७ बर्टनवुड, ३९ कोलर्न, ४५ किनलॉस. आकडा नुसता असेल आणि पुढचा शब्द पुसला असेल तर ठिकाणाचा रकाना बघा. ठिकाण कोलर्न आणि आकडा ३९ असेल तर ते कोठार, पथक नव्हे.

कारखान्यांची लघुरूपं वेगळीच. इथे आमच्या घरी मोठा हशा झाला. एका स्पिटफायरच्या नोंदीत 'एचएएल' दिसलं. जावई खुर्चीतून उठलाच. "बाबा, आमची कंपनी!" बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४० च्या डिसेंबरात सुरू झाली आणि युद्धात तिथे अमेरिकन विमानं दुरुस्त होत, हे खरंच. पण स्पिटफायरच्या नोंदीतलं हे एचएएल म्हणजे हेस्टन एअरक्राफ्ट लिमिटेड, लंडनच्या पश्चिमेचं. जावई परत बसला. तसंच 'ईए'. संशोधकांनी कार्डांवरून ज्या याद्या केल्यात त्यांत कारखान्याच्या जागी ते आलं तर ईस्टली, स्पिटफायर बनायचं ते ठिकाण. कारणाच्या जागी आलं तर 'एनिमी ॲक्शन', शत्रूचा हल्ला. अक्षर तेच, रकाना बदलला की अर्थ बदलला.

अजून चार-पाच लघुरूपं एका दमात घ्या. आरओएस म्हणजे जागेवरच दुरुस्ती. आरआयडब्ल्यू म्हणजे कारखान्यात नेऊन दुरुस्ती. सीआरयू म्हणजे नागरी कंपन्यांकडचं दुरुस्ती केंद्र. एडब्ल्यू तिरकी रेघ सीएन म्हणजे विमान तयार आहे, न्यायला कोणी आलेलं नाही. आणि एफटीआर, ज्यापुढे थोडं थांबावंसं वाटतं: 'फेल्ड टू रिटर्न', परत आलं नाही.

आता नुकसानीचे वर्ग. कार्डाचं काळीज इथे आहे, आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात तेही इथेच, कारण १९४१ साली पद्धत बदलली.

आधीची पद्धत आकड्यांची होती. वर्ग १, पथकाला स्वतः दुरुस्त करता येईल. वर्ग २, पथकाच्या आवाक्याबाहेर, कोठारात किंवा कारखान्यात न्यावं लागेल. वर्ग ३, संपलं. १९४१ नंतर अक्षरं आली. 'यू' म्हणजे नुकसान नाही. 'ए' म्हणजे पथक जागेवर दुरुस्त करील. 'एसी' म्हणजे जागेवरच होईल पण पथकाला झेपणार नाही, बाहेरून माणसं आणा. 'बी' म्हणजे जागेवर होणार नाही, उचलून न्या. 'सी' म्हणजे विमान पुन्हा उडणार नाही, पण जमिनीवर मुलांना शिकवायला वापरा. आणि 'ई' म्हणजे निकालात. त्यातही पोटहिस्से: ई १ चे सुटे भाग काढून घ्या, ई २ भंगार, ई ३ जळून खाक, आणि 'ई एम' म्हणजे मोहिमेवरून बेपत्ता.

'सी' वर्गाने मला फसवलं होतं. मी समजलो 'क्रॅश'. नातवाला सांगूनही टाकलं की हे विमान कोसळलं. प्रत्यक्षात ते शाळेत गेलं होतं! अशा विमानाला नवा नंबर मिळे, आणि त्याच्या शेवटी 'एम' हे अक्षर लागे. तो दिसला की समजा गुरुजी झालं.

वर्गाला कारण चिकटतं. एफबी म्हणजे लढाईत उडताना. एफए म्हणजे उडतानाचा अपघात, लढाई नाही. जीए म्हणजे जमिनीवरचा अपघात. आणि मग हे सगळं एका माळेत ओवलेलं येतं. 'एफएसी २' असं दिसलं तर तोडा: एफए, मग 'सी' हे कॅटेगरीचं आद्याक्षर, मग २. उडतानाचा अपघात, वर्ग दोन. 'सीएसीएफए' आलं तर उलट्या क्रमाने: सी कॅटेगरीचा, एसी वर्ग, एफए कारण. जागेवर दुरुस्तीलायक, बाहेरच्या माणसांकडून. ही फोड हाताने कागदावर करा, मनातल्या मनात नको. दहा कार्डांनंतर ती आपोआप व्हायला लागते.

आणखी एक. पहिला वर्ग हा अंदाज असतो. कारखान्यात नेऊन पत्रा उघडला की कळतं, आतून सगळं गेलंय. मग 'बी' खोडून 'ई' होतं. म्हणून खाडाखोडीखालचं अक्षरही वाचा. ते चुकीचं नाही, ते आधीचं आहे.

आता एक अख्खं विमान घेऊ. पी ७३५०, स्पिटफायर मार्क दोन, म्हणजे स्पिटफायरची दुसरी आवृत्ती. कॅसल ब्रॉमिचच्या कारखान्यात एकूण ११,९८९ स्पिटफायर झाली, त्यातलं हे चौदावं. १९४० च्या ऑगस्टात बनलं आणि ६ एमयूला, ब्राइझ नॉर्टनच्या कोठारात गेलं. सप्टेंबरात २६६ पथकाला मिळालं. १७ ऑक्टोबरला ६०३ पथक, हॉर्नचर्च. इथवरच्या ओळी म्हणजे नुसते कब्जेदार बदलले.

मग २५ ऑक्टोबर १९४०. पोलंडचा वैमानिक लुडविक मार्टेल हे विमान उडवत होता, जर्मन मेसरश्मिटची गाठ पडली, गोळ्या लागल्या आणि त्याने हेस्टिंग्जजवळ कसंबसं उतरवलं. कार्डाच्या भाषेत एवढ्या सगळ्याचं काय होतं? एफबी, वर्ग २. बस. मार्टेलचं नाव कार्डावर शोधू नका. ३१ ऑक्टोबरला विमान काउलीच्या १ नंबरच्या सीआरयूमध्ये पोचलं. म्हणजे वर्ग दोनचा अर्थ पुढच्याच ओळीने पटवून दिला. कार्ड वाचताना हीच तपासणी करत चला. वर्ग आणि पुढचं ठिकाण जुळलं पाहिजे. 'ए' वर्गानंतर विमान कारखान्यात गेलेलं दिसलं तर तुमचा 'ए' हा 'एसी' नाहीतर 'बी' असेल, किंवा तुम्ही तारखा उलट्या वाचल्या असतील.

दुरुस्तीनंतर ३७ एमयूचं कोठार. मार्च १९४१ मध्ये ६१६ पथक, टँगमिअर. एप्रिलमध्ये ६४ पथक, पुन्हा हॉर्नचर्च. ऑगस्टात स्कॉटिश एव्हिएशन, प्रेस्टविक. इथे अपघात बिपघात नाही, मोठी तपासणी. इतक्यात नवे मार्क आले होते आणि हे विमान जुनं झालं. म्हणून १९४२ च्या एप्रिलात ते लढाऊ पथकाऐवजी सटन ब्रिजच्या हवाई नेमबाजीच्या शाळेत गेलं. पुढे ५७ ओटीयू. फेब्रुवारी १९४३ मध्ये 'बी' वर्ग, दुरुस्ती हॅम्बलच्या एअर सर्व्हिस ट्रेनिंगकडे. एप्रिल १९४४ मध्ये पुन्हा 'बी': जमिनीवर चालताना दुसरं स्पिटफायर येऊन धडकलं. नंतर ३९ एमयू, कोलर्न, आणि तिथेच पडून राहिलं. १९४८ साली भंगारवाल्याने २५ पौंडांना घेतलं, आणि महत्त्व कळल्यावर कोलर्नच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. वीस वर्षांनी ते पुन्हा उडालं. पुढे ब्रिटनच्या हवाई दलाच्या स्मृतिविमानांच्या ताफ्यात गेलं, आणि डाव्या पंखावर त्या ऑक्टोबरमधल्या गोळ्यांची ठिगळं अजून आहेत.

आठ वर्षांत सहा-सात मालक आणि तीन मोठ्या दुरुस्त्या. कार्ड फक्त गेल्या-आल्याचं सांगतं. 'म्हातारं झालं म्हणून शाळेत पाठवलं' हे त्यावर लिहिलेलं नसतं, ते पथकांच्या क्रमातून आपण ओळखायचं.

भारतात आलेल्या विमानांचं मात्र दुखणं वेगळं. त्यांचं कार्ड बंदरापाशी मुकं होतं. आधी एखादं पॅकिंगचं कोठार दिसेल: ४७ सीलँड, ५२ कार्डिफ, ७६ रॉटन, ८२ लिचफील्ड किंवा २१५ डम्फ्रीज. विमानाचे पंख सुटे करून लाकडी खोक्यात भरायचे ते इथे. मग जहाजाचं नाव आणि तारीख. मग मुंबई किंवा कराची आणि पोचल्याची तारीख. पुढे 'इंडिया', आणि नोव्हेंबर १९४३ नंतर 'एसीएसईए', म्हणजे आग्नेय आशिया हवाई कमांड. नंतर पांढरा कागद. मार्क आठची स्पिटफायर १,६५८ बनली आणि जवळजवळ सगळी परदेशी गेली, त्यामुळे त्यांची कार्डं पाच-सहा ओळींत आटोपतात. मुंबईत राहणाऱ्या मालकाच्या गावाकडच्या जमिनीसारखं: नाव आहे, शेतात काय चाललंय कोणालाच ठाऊक नाही.

शेवटी तीन अक्षरं, एसओसी. 'स्ट्रक ऑफ चार्ज', नाव कमी केलं. आमच्या भाषेत कंस केला. आणि इथे माझी मोठी चूक सांगतो. कॉलनीतल्या एका आजींचे वडील युद्धात विमानांचे फिटर होते. त्यांच्या वहीत एका विमानाचा नंबर होता. मी कार्ड बघून छातीठोक सांगितलं, "हे ३१ मे १९४५ ला पडलं." आजी म्हणाल्या, "नाही हो, ते तर त्याच्या कितीतरी आधी जळालं. वडील स्वतः विझवायला धावले होते." आजी बरोबर होत्या. नंतर कार्डांवर कार्डं काढली तर तीच तारीख पुन्हा पुन्हा. ३१ मे १९४५, २७ सप्टेंबर १९४५, २६ सप्टेंबर १९४६. कॅलेंडर काढून बघा, तिन्ही महिन्याचे शेवटचे गुरुवार. त्या दिवशी विमानं पडली नाहीत, कारकुनाने गठ्ठा निकाली काढला. मार्चअखेर आम्हीही तेच करायचो. मला हे सगळ्यात आधी ओळखू यायला हवं होतं.

मराठी वाचकाचा आणखी एक हमखास गोंधळ. '१२२ (मुंबई) पथक' किंवा '१३२ (मुंबई शहर)' असं वाचलं की वाटतं, ही विमानं मुंबईची. तसं नाही. इथून युद्धनिधीला पैसे गेले म्हणून पथकांना नावं दिली गेली. १२४ ला बडोद्याचं नाव आहे, ते गायकवाडांचं संस्थान. १२२ ची सगळी लढाई ब्रिटन आणि युरोपात झाली. १३२ मात्र १९४५ साली सिलोनपर्यंत आलं. नावावरून गाव ठरवू नका, ठिकाणाचा रकाना बघा.

आता 'बारा'. प्रत्येक पथक रोजची वही ठेवायचं. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा, फॉर्म ५४१ मध्ये कोण कुठल्या विमानातून किती वाजता गेलं आणि किती वाजता आलं. या वह्या लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २७' या मालिकेत आहेत. कोठारं आणि शाळांच्या 'एअर २९' मध्ये. रीत अशी: फॉर्म ७८ वरून विमान कोणत्या तारखेपासून कोणत्या पथकाकडे होतं ते ठरवा, मग त्या पथकाच्या ५४१ मध्ये नंबर शोधा. तारखा दोन-चार दिवस मागेपुढे होतील. कार्डावरची तारीख ही बहुतेकदा कागद पोचल्याची, वहीतली उडाल्याची. भांडण झालं तर वहीला धरा. अपघाताचं खरं कारण हवं असेल तर फॉर्म ११८० नावाचं वेगळं कार्ड आहे, एका अपघाताला एक. त्यात वैमानिकाचं नाव आणि त्याच्या उड्डाणाचे तासही मिळतात.

नातवाचा पहिला प्रश्न मात्र माझ्याकडून सुटलाच नाही. त्याला मॉडेलच्या अंगावर रंगवायची पथकाची अक्षरं हवी होती, १२२ ची 'एमटी' किंवा १३२ ची 'एफएफ', आणि त्यापुढे त्या विमानाचं स्वतःचं एक अक्षर. पथकाची अक्षरं पुस्तकात मिळतात, विमानाचं अक्षर फॉर्म ७८ वर नसतं. त्याला जुना फोटोच हवा.

कार्डाची प्रत मागवताना दोन्ही बाजू मागा. मी पहिल्या वेळी एकच मागवली होती, आणि विमान चार महिने ४५ एमयूच्या कोठारात अडकून पडलं होतं. पाठ आली तेव्हा कळलं, ते केव्हाच कराचीला पोचलं होतं.